दोरी कोण कापणार

आमच्या गावात कुणी ठेचकाळलं की लोक आधी विचारतात, तुझी दोरी कापली कुणी? मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. मागच्या हिवाळ्यात पोस्टमास्तर बर्फावर घसरून उताणे पडले, तेव्हा त्यांना उचलायच्या आधी लोकांनी त्यांची दोरी कापणाऱ्या चुलत्याला नावं ठेवली, आणि तो चुलता केव्हाच मातीत गेलेला. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या दोन्ही पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ बांधायचा, लांबवर गावातली पोरं उभी करायची, आणि जो पहिला धावत येईल त्याने सुरीने तो पीळ कापायचा. ते मूल मग त्याच्यावर जातं. चपळ निघालं तरी श्रेय त्याला, आणि झोपाळू निघालं तरी शिव्या त्यालाच.

मी अनारकुल. इस्सिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावर, जर्दाळूच्या बागांमध्ये, आईबाप नसलेल्या मुलांचं घर चालवते. सरकारी पाटीवर त्या घराला लांबलचक नाव आहे, ते मलासुद्धा एका दमात म्हणता येत नाही. गाव नुसतं 'अनारकुलकडे' म्हणतं आणि मुलं मला आपा म्हणतात, म्हणजे आई. कुणी दोन वर्षं राहतं, कुणी लग्न होईपर्यंत. मला माझं मूल नाही. नवरा होता, तो लवकर गेला, आणि त्यानंतर घरात इतका गोंगाट झाला की रडायला निवांत जागा म्हणून मिळाली नाही.

बेगिमाय माझ्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. खोकत होती, आणि स्वयंपाकघरातला डाव घट्ट धरून बसली होती, तो तिने झोपेतही सोडला नाही. तिला मी वाढवली, शिकवली, आणि एक दिवस शेजारच्या तुरसुनायचा मुलगा माक्सात आमच्या फाटकाशी उगीचच सायकल दुरुस्त करत बसायला लागला. सायकल ठणठणीत होती. तुरसुनायने तेव्हा आकाशपाताळ एक केलं. मुलीला सात पिढ्यांतला एक बाप सांगता येत नाही, अशी सून घरात आणू कशी, म्हणाली. पण माक्सात बापासारखा हट्टी. लग्न झालं, आणि कुंपणापलीकडची तुरसुनाय, जिच्याशी मी वीस वर्षं कोंबड्यांवरून भांडत आले, ती माझी विहीण झाली. मुलीकडचं म्हणून दुसरं होतंच कोण? मी विहिणीचे सगळे मान वसूल केले. त्यांच्याकडे मेंढी कापली की शेपटीकडचा चरबीचा तुकडा माझ्याच ताटात पडायला हवा, नाहीतर मी जेवणावरून उठेन, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

बेगिमायला मुलगा झाला, एर्बोल. उन्हाळ्यात तो भिंत धरून चालायला लागला, आणि तुरसुनायने दोरी कापायचा समारंभ ठरवला. आमच्या घरातली पोरं त्या दिवसापासून गल्लीत शर्यती लावायला लागली. खरं तर लावायची गरज नव्हती. आयझिरेक पहिली येणार हे सगळ्यांना माहीत होतं. दहा वर्षांची आयझिरेक म्हणजे नुसते पाय. बूट घातले की तिला धड चालता येत नाही, काढले की ती कुणाला सापडत नाही. डेअरीवाल्याच्या कुत्र्यानेही तिचा नाद सोडलेला आहे.

समारंभाला दोन-तीन दिवस राहिले असताना तुरसुनाय कुंपणाशी आली. हातात गरम बोर्सोकची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, परात होती. ती फुकट काही आणत नाही, म्हणून मी सावध झाले. आधी हवेची चौकशी झाली, मग माझ्या गुडघ्यांची, मग मेंढी केवढ्याला पडली ते झालं. आणि मग म्हणाली, मुलांना सगळ्यांना जेवायला पाठव, पोटभर खाऊ दे, पण धावायला नको. निदान त्या लंबूटांगीला तरी नको. धावायला तुरसुनायचा पुतण्या तिलेक येणार आहे राजधानीतून, बिश्केकहून. त्याचा बाप मोठा अधिकारी, आई डॉक्टर, दोघं हयात, आजी-आजोबा चारही हयात. मुलाने असं काहीतरी घ्यावं.

मी विचारलं, आणि आमची पोर काय देणार त्याला?

"तू वाईट वाटून घेऊ नकोस, विहीणबाई," ती म्हणाली. "आईकडून त्याला एकटेपण आलेलंच आहे अर्धं. उरलेलं अर्धं तरी दुसऱ्या कुणाचं येऊ दे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला तिची परात कुंपणावरून परत दिली, बोर्सोकसकट, आणि माझ्या मुलांना दार उघडणारं एकही माणूस या गावात नव्हतं तेव्हापासूनची सगळी उजळणी केली. कुठे काय बोलले ते आठवत नाही, पण तिच्या तिलेकच्या पोटाचा उल्लेख केला हे नक्की आठवतं. शेवटी सांगितलं की मुलंही येणार नाहीत आणि मीही येणार नाही, बसा तुम्ही आपल्या हयात माणसांबरोबर. तुरसुनाय म्हणाली, बाई, मी वाईट मनाने नाही बोलले. ते खरंच होतं, आणि त्यानेच मला जास्त राग आला. वाईट मनाने बोलली असती तर सोपं गेलं असतं.

ती गेल्यावर डोक्यावर पानं हलली. कुंपणालगतच्या जर्दाळूवर आयझिरेक बसली होती, ओच्यात फळं घेऊन. तिने शब्दन् शब्द ऐकला होता. ती खाली उतरली, फळं टोपलीत ओतली, आणि ती वाळत घालायला शिडीवरून छपरावर गेली.

थोड्या वेळाने मीही गेले. माझे गुडघे शिडीला तयार नसतात, पण त्या दिवशी तयार झाले. आम्ही दोघी फळं फोडून बिया काढत बसलो. समोर सरोवर निळंशार पडलं होतं. मी तुरसुनायला आणखी चार शिव्या दिल्या, पोरीला बरं वाटावं म्हणून. ती हसली नाही.

मग तीच म्हणाली, आपा, आपण जाऊ या. नाही गेलो तर बेगिमाय एजेला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागेल. बेगिमायला आमची सगळी पोरं एजे म्हणतात, म्हणजे ताई. मी म्हटलं, मग तू धावशील. ती म्हणाली, धावेन, पण हळू धावेन. कुणाला कळणार नाही, मला हळू धावता येतं.

दहा वर्षांची पोर, आणि मोठ्यांची अब्रू राखायला हरायचं कसं ते ठरवून बसली होती. मी विचारलं, तुला एवढी हौस कशाची होती गं, त्या शालीची? पहिल्या येणाऱ्याला शाल मिळते. तिने मानेनेच नाही म्हटलं आणि पुढचं फळ फोडलं.

"सगळे कुणावर तरी गेलेले असतात," ती म्हणाली. "मी कुणावर गेलेय ते कुणालाच माहीत नाही. म्हटलं, निदान एक जण तरी माझ्यावर जाईल."

मी शहाण्यासारखं काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी फक्त तिच्या डोक्याला चिकटलेलं पान काढलं आणि खाली येऊन भांडी इतकी आपटली की मुलांनी त्या संध्याकाळी एकही भांडण केलं नाही.

समारंभाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मुलांना मी घासूनपुसून काढलं होतं. अंगणात नमद्याचा तंबू उभा केला होता, चहाचा सामोवर धुमसत होता, आणि तुरसुनायचा नवरा केनेशबेक पांढरी उंच टोपी घालून येईल त्याला मिठी मारत होता. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुरसुनायने मला तंबूत मानाच्या जागी बसवलं, उश्या लावल्या, दोन-दोनदा चहा विचारला. मी चहा घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. बेगिमाय डोक्याला रुमाल बांधून, वाकून वाकून सगळ्यांना पेले देत होती. सुनेने सासऱ्यासमोर आवाज चढवायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, पाठ करून बसायचं नाही, हे सगळं ती इतकं नीट पाळते की गावातल्या दुसऱ्या सुना तिच्यावर खार खातात. मला पेला देताना तिने हळूच विचारलं, आपा, काय झालंय? मी म्हटलं, काही नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. लहानपणापासून ओळखते मला, तिला माझं 'काही नाही' पुरतं ठाऊक आहे.

मग सगळे बाहेर आले. अंगणाच्या टोकाला गालिचा घातला, त्यावर एर्बोलला उभं केलं. बेगिमायने त्याच्या पायांना पीळ बांधला आणि त्याला काखेत धरून बसली. त्याला दोरीचा काही राग नव्हता, तो ती खायचा प्रयत्न करत होता. पलीकडे, रस्त्याच्या वळणाशी, पोरं रांगेत लागली. तुरसुनाय जातीने रांग लावत होती. तिलेकला तिने मधोमध घेतलं, आणि मग, ऊन लागतंय त्याला, असं म्हणत सगळ्यांच्या चांगली पुढे सावलीत नेऊन उभं केलं. पोरगा गुटगुटीत होता आणि स्वभावाने गोड होता. त्याच्या हातात अर्धा खाल्लेला बोर्सोक होता. खरं तर त्याला धावायचंच नव्हतं.

आयझिरेक अगदी कडेला उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला दिसले तिचे पाय. ऐन उन्हाळ्यात ती गोठ्यातले रबरी बूट घालून आली होती, माझे, तिच्या मापाच्या दुप्पट. मुद्दाम. हळू धावायला जमेल की नाही, याची तिला स्वतःचीच खात्री नसावी.

मी उठणार होते. काय करणार होते कुणास ठाऊक, बहुतेक सगळा समारंभ उधळला असता. पण माझ्या आधी बेगिमायने पाहिलं. तिने ते बूट पाहिले, मग पुढे सावलीत उभ्या तिलेककडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिला सगळं कळलं. कळलं ते मला तिच्या खांद्यांवरून दिसलं.

"आयझिरेक," ती मोठ्याने म्हणाली. "बूट काढ."

तिचा एवढा आवाज सासरच्या माणसांनी कधी ऐकलाच नव्हता. केनेशबेक टोपी सरळ करायला लागला. आयझिरेक जागची हलली नाही. तिने तुरसुनायकडे पाहिलं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

तुरसुनाय लगबगीने गालिच्याजवळ आली आणि सुनेच्या कानाशी वाकली. मी विहीण, मानाने जवळच बसलेले, मला सगळं ऐकू येत होतं. लोक बघताहेत, म्हणाली, मी चांगल्यासाठीच करतेय, मुलाच्या चांगल्यासाठी. बेगिमायने मान वर केली नाही. आवाजही पुन्हा खाली आणला, सुनेचा करून.

"एने," ती सासूला म्हणाली, "त्याची आई मी आहे. तो माझ्यावर गेला, तर चालणार नाही का तुम्हाला?"

तुरसुनाय कंबर धरून सरळ झाली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकते, कारण मी तिला वीस वर्षं ओळखते. त्याच्या आदल्या वर्षी हिवाळ्यात तिला ताप आला होता तेव्हा बेगिमाय तिच्या पायाशी झोपत होती, पोटात एर्बोल घेऊन. बाजारात तुरसुनाय ज्याला त्याला थांबवून सांगायची, सून असावी तर अशी, पोटची पोर करणार नाही एवढं केलं. मला मात्र तिने हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्यावर आणखी एक चरबीचा तुकडा मागितला असता.

"तुझ्यावर गेला," ती शेवटी म्हणाली, "तर माझ्या म्हातारपणाची काळजी मिटली." मग ती वळली आणि रस्त्याकडे तोंड करून खेकसली, "ए लांब टांगांची, सुनेने काय सांगितलं? काढ ते बूट. आणि तिलेक, तू मागे हो, तिथे कुठे उभा राहिलास मधेच."

तिलेक मागे झाला. त्याला काहीच फरक पडला नाही.

केनेशबेकने टोपी हवेत उडवली आणि पोरं सुटली. मी या गावात पुष्कळ शर्यती पाहिल्या, पण त्या पोरीला तसं धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गल्लीत ती धावायची तेव्हा हसत धावायची, मागे वळून चिडवत. त्या दिवशी ती हसली नाही. सुरुवातीला आमच्याच घरातला एक पोरगा तिच्या पुढे होता, तोही काही कमी नाही, आणि त्याने तिला वाट दिली नाही हे मला आवडलं. फाटकाजवळ ती त्याच्या बरोबरीला आली. गालिच्यावर पहिली पोचली तेव्हा तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं, कुठे ते तिलाही माहीत नव्हतं.

तुरसुनायने सुरी दिली. स्वतःच्या हाताने दिली. आयझिरेक गुडघ्यांवर बसली, पण तिला इतकी धाप लागली होती की सुरी पिळावर टेकेना. एर्बोलने तिचे केस पकडले. कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, पोरीला पाणी द्या आधी. तुरसुनाय खाली बसली, तिने नातवाचे पाय धरले आणि पीळ ताणून धरला. पीळ चांगला जाड होता, तिनेच वळला होता. सुरी दोनदा फिरवावी लागली. मग तुटला.

ज्याने दोरी कापली त्याने मुलाला हात धरून चालवायचं असतं. आयझिरेकने त्याचा हात धरला. तो चार पावलं तिच्याबरोबर नीट चालला, सगळ्या बायका तोंडाला हात लावून बघत होत्या, आणि पाचव्याला त्याने हात झिडकारला आणि सामोवराच्या दिशेने सुटला. बापाने त्याला मधेच उचललं म्हणून भाजण्यातून वाचला. तिलेकने त्याला आपला उरलेला बोर्सोक दिला. तुरसुनायने आयझिरेकच्या खांद्यावर शाल टाकली, आणि शाल टाकताना तिचा चेहरा असा होता की आता झालं ते झालं, पुढचं देव बघून घेईल. मीही त्या दिवशी माझा मानाचा तुकडा अर्धा करून तुरसुनायच्या ताटात ठेवला. ती म्हणाली, तुला पचत नाही म्हणून देतेस. मी म्हटलं, हो.

त्याला आता दोन वर्षं झाली. एर्बोल तीन वर्षांचा आहे आणि तो घरात सापडत नाही. त्याला बूट घातले की तो रडतो, काढले की पळतो. कोंबड्यांच्या मागे पळतो, दूधवाल्याच्या गाडीमागे पळतो, परवा तर कुणाच्या तरी वरातीमागे बाजारापर्यंत गेला. रोज सकाळी कुंपणापलीकडून तुरसुनायचा आरडाओरडा सुरू होतो. आयझिरेक आता चांगली उंच झाली आहे, माझ्या खांद्याच्या वर गेली. थोडी लाजरीही झाली आहे, गल्लीत पूर्वीसारखी धावत नाही, मुलींबरोबर कुजबुजत चालते.

परवा ती अंगणात गालिचे झटकत होती. तुरसुनाय धापा टाकत कुंपणाशी आली, एका हातात दोन छोटे बूट, दुसरा हात कमरेवर. पोरगा पुन्हा सटकला होता. तिने मला एक अक्षर विचारलं नाही, सरळ आयझिरेकवरच तोंड सोडलं. सगळं तुझ्यामुळे, म्हणाली. आमच्या सात पिढ्यांत एवढं पळणारं कुणी झालं नाही. त्याचा बाप शांत, आजोबा शांत, आई तर गरीब गाय. हे तुझंच आहे सगळं. आता जा आणि तूच आण त्याला, माझे पाय राहिले नाहीत.

आयझिरेकने गालिचा खाली ठेवला. कानापर्यंत लाल झाली होती. तिने चपला काढल्या, केस बांधले, सगळं अगदी सावकाश, आणि एखाद्या दमलेल्या आईसारखा मोठा सुस्कारा सोडला.

"काय करणार, एने," ती म्हणाली, "माझ्यावर गेलाय ना."

आणि ती त्याला आणायला धावली.